न घेतलेलं चीवर

सलमाबाद, बहरीन
३१ जानेवारी १९९७

ती. अरुणाताईस,
सविनय जयभीम.

मी सुखरूप पोचलो. आईला सांग, लोणच्याची बरणी फुटली नाही. यापुढचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

साक्षगंधाच्या दिवशी मी मांडवात पाटावर बसायला निघालो, तेव्हा रश्मीच्या कोणी एक मावशी माझ्या पाठीमागे म्हणाल्या, "नवरदेव कोनता? हा तं नवरदेवाचा काका दिसते." सगळ्या बायका हसल्या. तूसुद्धा हसलीस, मी पाहिलं. ताई, मी एकतीस वर्षांचा आहे. इथे आलो तेव्हा माझ्या डोक्यात कंगवा अडकायचा. वर्कशॉपमधलं हेल्मेट आणि इथलं खारट पाणी यांनी मिळून पुढचं सगळं मैदान साफ केलं. रश्मी हसली की नाही ते मला दिसलं नाही, आणि तेच डोक्यातून जात नाही.

तर मी ठरवलंय. मनामाला एक डॉक्टर केस लावतात. विग नव्हे, आपलेच केस. डोक्याच्या मागून केसांसकट कातडीची एक पट्टी काढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि पुढे टकलावर भोकं पाडून एकेक बसवतात. वांग्याची रोपं लावतात तसंच. त्याआधी सगळं डोकं मशीनने भादरावं लागतं. ईदच्या सुट्टीला जोडून रजा घेतली आहे. माझा मित्र उज्ज्वल एअरपोर्टवर कामाला आहे, त्याची मुहर्रकला जुन्या घरात खोली आहे. तिथे लपून राहीन. डॉक्टर म्हणतात, तीन-चार महिन्यांनी केस येतात. लग्न बुद्धपौर्णिमेला, म्हणजे मेच्या अखेरीला. हिशेब बरोबर जमतो.

रश्मीला यातलं काही कळता कामा नये. मांडवात तिला एवढंच वाटलं पाहिजे की आज याने भांग नीट पाडला आहे.

तुझा भाऊ,
सुजीत

—

मूर्तिजापूर
७ फेब्रुवारी १९९७

प्रिय सुजीत यांना,
जयभीम.

तुमच्या पत्राची वाट पाहायची की आपणच लिहायचं, यात आठवडा गेला. शेवटी मीच लिहिते. तुम्ही मला 'तू' म्हटलंत तरी चालेल, मला मात्र एवढ्यात जमणार नाही.

साक्षगंधात सगळ्यांना सांगितलं की मुलीला वडील नाहीत. तुमच्याकडच्यांनी समजून घेतलं की ते वारले. आईने तसं समजू दिलं. मला ते बरं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील जिवंत आहेत. मी सहा वर्षांची होते तेव्हा ते श्रामणेर शिबिराला गेले. दहा दिवस मुंडण करून, चीवर घालून भिक्खूसारखं राहायचं आणि मग आपल्या घरी यायचं, आपल्याकडे कितीतरी लोक करतात. ते आले नाहीत. कायमचं चीवर घ्यायचं हे त्यांचं घरून निघण्याआधीच ठरलं होतं, हे आईला पुष्कळ दिवसांनी बाहेरच्यांकडून कळलं. आता ते मोठे भंते आहेत. एका कार्यक्रमात मीही रांगेत उभी राहून त्यांच्या पाया पडले. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते काही कळलं नाही.

मी धम्माला नावं ठेवत नाही. आमच्या घरी रोज वंदना होते. जे खरोखर भिक्खू होतात त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण आईला सांगून गेले असते तर तिने रोज संध्याकाळी त्यांच्या वाटचा स्वयंपाक करून ठेवला नसता. म्हणून मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागते. तुम्ही काही मोठं करायचं ठरवलंत, चांगलं असो की वाईट, तर मला आधी सांगा. त्याला हो म्हणायचं की नाही ते मी बघेन.

आणि मावशीचं बोलणं तुमच्या कानावर गेलं असावं, कारण कान लाल झाले होते. मी तिला नंतर चांगलंच सुनावलं आहे.

तुमची,
रश्मी

—

सलमाबाद
२२ फेब्रुवारी १९९७

ती. अरुणाताईस,
सविनय जयभीम.

ताई, मोठा घोटाळा झाला आहे. क्रमाने सांगतो.

ऑपरेशन ईदच्या आदल्या दिवशी झालं. इंजेक्शनांनी डोकं लाकडासारखं बधिर झालं. दिवसभर मी पालथा नि उताणा पडून कातरीचा आवाज ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून खाली उतरली आणि डोळे पार मिटले. उज्ज्वल मला भिंतीला टेकवून बसवायचा आणि चमच्याने वरण-भात भरवायचा. आडवं झोपायचं नाही, वाकायचं नाही, डोकं खाली करायचं नाही, उन्हात जायचं नाही. मागचे टाके निघाले, पुढच्या खपल्या गळाल्या आणि लाल ठिपके तेवढे उरले. त्यात रश्मीचं पत्र आलं. 'मला आधी सांगा' असं ती लिहिते, आणि मी तोवर डोकं सोलून बसलो होतो. तिचे वडील भिक्खू झालेत, वारलेले नाहीत, हेही त्याच पत्रातून कळलं. श्रामणेर शिबिराला म्हणून घरून गेले ते परतलेच नाहीत.

काल शुक्रवार. जनाबियाला रामजीसाहेबांच्या व्हिलात आपल्या लोकांची वंदना असते, तुला माहीत आहे. किती आठवडे टाळणार, म्हणून गेलो. वंदनेत सगळ्यांनी जमिनीला डोकं टेकवलं. मी नुसते हात जोडून ताठ बसलो, कारण डॉक्टरांची मनाई. संध्याकाळी जेवायला वाढलं तर मी नको म्हटलं, गोळ्यांनी मळमळत होतं. रामजीसाहेब माझ्याकडे बघतच राहिले. त्याच दिवसांत श्रीलंकेच्या लोकांकडे त्यांचे एक भंते येऊन गेले होते. मुंडण, रजा, गायब होणं, भिक्खूंसारखं दुपारनंतर न जेवणं, कोणापुढे न वाकणं, हे सगळं त्यांनी जुळवलं. डोक्यावरचे ठिपके म्हणजे नवख्या हाताने वस्तरा लागला, असं त्यांनीच ठरवलं. सगळ्यांसमोर माझे हात धरून म्हणाले, "सुजीत, तू कोणाला बोलला नाहीस, पण आम्हाला समजलं. बहरीनमधून श्रामणेर होणारा तू पहिला. मनातून अजून चीवर उतरलं नाही तुझ्या."

मी तोंड उघडलं नाही. समोर सगळ्यांच्या बायका, मुलं. केस लावून घेतले असं तिथे कसं सांगू? गप्प राहिलो तर त्यांना तेही श्रामणेराचं मौनच वाटलं.

ही बातमी रश्मीच्या घरी जाऊ देऊ नकोस. तुला समजतंय ना, दुसऱ्या कोणत्याही मुलीला याचं कौतुक वाटलं असतं, पण हिच्या घरी हे चालणार नाही. रामजीसाहेबांचा फोन आला तर आईला थांबव.

सुजीत

—

अकोला
४ मार्च १९९७

चि. सुजीत,
जयभीम.

तुझं पत्र आज मिळालं. फोन मागच्या शनिवारीच आला होता.

शेजारच्या बूथवर आईला बोलावलं. ती पळत गेली आणि रडत आली. मला वाटलं काही वाईट झालं. तर म्हणते, "माह्या पोरानं नाव काढलं." संध्याकाळी तिने विहारात पेढे वाटले. आपल्या बापाच्या फोटोला हार घातला. एवढ्या वर्षांत मी तिला इतकी ताठ मानेने चालताना पाहिलं नाही.

आणि रश्मीच्या आईला ही बातमी मीच सांगितली. मला कुठे माहीत होतं? आपल्याकडे अशी बातमी घेऊन जायची म्हणजे पेढ्यांचा पुडा घेऊनच जायची. बाईंनी कप खाली ठेवला, चहा तसाच राहिला. मला वाटलं आनंदाने बोलता येत नसेल. घरी येऊन तुझं पत्र वाचलं तेव्हा आपण काय करून बसलो ते कळलं.

पण आता तू शहाणपणा करू नकोस. जे झालं ते होऊ दे. दहा दिवस झाले, संपलं, परत संसारात आलो असं रश्मीला लिही. खरं सांगितलंस तर आईला विहाराची पायरी चढता येणार नाही, आणि तुला लोक आयुष्यभर टकलाच्या नावाने ओळखतील. सत्कारही होणार आहे म्हणे तुझा तिकडे, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात. शाल घे आणि घरी ये.

केस आले का रे? दुखतं का अजून?

तुझी ताई,
अरुणा

—

मूर्तिजापूर
५ मार्च १९९७

सुजीत यांना,
जयभीम.

तुमच्या ताई येऊन गेल्या. तुम्ही श्रामणेर झालात आणि अजूनही तुमचं मन तिकडेच आहे, असं त्यांनी सांगितलं. पेढेही दिले. आम्ही ते अजून उघडलेले नाहीत.

माझ्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. ते मिळालं होतं का? मिळालं असेल तर कोणत्या तारखेला, तुम्ही दीक्षा घेण्याआधी की नंतर, एवढं लिहा. दहा दिवसांचंच होतं का? पुन्हा जाणार आहात का? मी हे उलटतपासणी म्हणून विचारत नाही. आईने कालपासून शिलाई मशीनला हात लावलेला नाही, ती नुसती खाटेवर बसून असते. तिला काहीतरी सांगायला मला हवं आहे.

रश्मी

—

सलमाबाद
१७ मार्च १९९७

प्रिय रश्मी,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. वर्कशॉपमध्ये एका हॉटेलच्या एसीच्या डक्टचं काम चालू आहे, मान वर करायला वेळ नाही.

तुझं पहिलं पत्र मिळालं होतं. तू एवढं मोकळेपणाने लिहिलंस, त्याला लायक उत्तर मला सुचेना. आईंना सांग की काळजीचं काहीही कारण नाही. लोक एकाचे दोन करून सांगतात. माझ्या डोक्याच्या कातडीला थोडा त्रास झाला होता, त्यासाठी केस काढावे लागले. आता टाकेही निघाले आहेत, बरं आहे. रामजीसाहेब वडीलधारे आहेत, त्यांचा गैरसमज झाला आणि मला लगेच खोडता आला नाही. मी संसार सोडून कुठेही जाणार नाही. लग्नापर्यंत केससुद्धा येतील.

इथे आता ऊन तापायला लागलं आहे. तू आल्यावर आपण समुद्रावर जाऊ.

तुझा,
सुजीत

—

मूर्तिजापूर
२९ मार्च १९९७

सुजीत यांना,
जयभीम.

मी दवाखान्यात लॅबमध्ये काम करते, हे तुम्ही विसरलात. डोक्याच्या कातडीला त्रास झाला तर मलम देतात, गोळ्या देतात. टाके घालत नाहीत. टाके घातले म्हणजे काहीतरी कापलं. काय कापलं? गाठ होती का? तपासायला पाठवली का? रिपोर्ट काय आला? चार रात्री मी याच विचारात काढल्या. मग वाटलं, गाठबीठ काही नसेल, श्रामणेराची गोष्ट लपवायला आजार पुढे केला असेल. तुमची ताई एक सांगते, तुम्ही दुसरं सांगता, आणि तिसरं काहीतरी खरं आहे एवढं मला कळतंय.

आईने साक्षगंधाची साडी आणि अंगठी एका पिशवीत बांधून ठेवली आहे. ती म्हणते, "एकदा फसली मी, आता पोरीला नाही फसू देनार." मी तिला थांबवलं आहे. तुमच्या सत्काराचं तुमच्या आईंनी आम्हाला कळवलं. श्रामणेर म्हणून तुम्ही ती शाल घेतलीत तर ते खरं आहे असं मी धरीन आणि पिशवी अकोल्याला पोचती करीन. घेतली नाहीत तर का नाही, ते लिहा. एप्रिल संपेपर्यंत मी वाट पाहीन.

आजारी असाल तर आजारी आहे असं लिहा. मी आजारी माणसाला सोडणारी नाही. ज्याला काय झालंय हेच मला माहीत नाही, अशा माणसाशी मात्र लग्न करता येणार नाही.

रश्मी

—

सलमाबाद
१९ एप्रिल १९९७

रश्मी,
जयभीम.

चौदा तारीख सोमवारी होती, म्हणून इथला कार्यक्रम काल शुक्रवारी झाला. तुझं पत्र मिळून आठवडा होऊन गेला. त्याचं उत्तर मी अनेकदा लिहिलं आणि फाडलं. आता एका दमात लिहितो.

मला गाठ नव्हती. कसलाही आजार नव्हता. मी श्रामणेर झालो नाही. मी टकलावर केस लावून घेतले. डोक्याच्या मागची कातडी कापून तिथले केस पुढे बसवले, त्याचे ते टाके. तुझ्या मावशी म्हणाल्या ते मला लागलं होतं. लग्नात मी तुझ्या शेजारी काका दिसू नये म्हणून हे केलं. एवढंच कारण आहे, याहून मोठं काही नाही.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. त्याच दिवशी लिहायला हवं होतं. मला लाज वाटली. मग रामजीसाहेबांनी मला श्रामणेर करून टाकलं, तेव्हा मी गप्प बसलो, कारण खरं सांगितलं तर हसं झालं असतं आणि खोट्यात मान मिळत होता. तो मान मी आठ आठवडे खाल्ला. मुलं पाया पडायची तेव्हा पाय मागे घ्यायचो, तर लोक म्हणायचे, बघा किती नम्र. तुला वडिलांचं आठवत असेल आणि मी इथे दुसऱ्याच्या चीवराचा मान घेतोय, हे मला रोज कळत होतं.

आता वरची गंमत ऐक. लावलेले केस गेल्या महिन्यात उशीवर गळून पडले, सगळेच्या सगळे. मी घाबरून डॉक्टरांकडे धावलो. ते म्हणाले, असं होतंच, ते पडल्यावर मुळातून नवे येतात, जूनपासून सुरुवात होईल आणि हिवाळ्यापर्यंत नीट दिसतील. 'तीन-चार महिन्यांनी येतात' याचा मी अर्थ लावला होता की तेव्हा भांग पडतो. म्हणजे आज मी साक्षगंधात होतो त्याहून टकला आहे, आणि मांडवात असाच असणार आहे.

काल बाबासाहेबांच्या फोटोला हार झाला, मुलांची भाषणं झाली, आणि रामजीसाहेबांनी शाल उलगडून माझं नाव घेतलं. मी उठलो आणि म्हणालो, "साहेब, ही शाल माझी नाही. मी केसांचं ऑपरेशन केलं होतं. मला वाकता येत नव्हतं, म्हणून वाकलो नाही."

कोणीतरी हसायला सुरुवात केली आणि मग हसणं थांबेना. रामजीसाहेब हसले नाहीत. त्यांनी शालीची पुन्हा घडी घातली. ते म्हणाले, "खलास, बस खाली. पण मी तुझ्या आईला फोन केला होता रे." मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मनापासून अभिमान बाळगला होता आणि मी तो वापरला. त्यांची माफी मागितली, पण ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. जेवणं झाल्यावर दोघांनी मला व्हिलाच्या मागे गाठून हळूच डॉक्टरांचा पत्ता विचारला.

तिथूनच आईला फोन केला. सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "लय दुखलं का रे?" आता ती विहारात काय सांगणार आहे, मला माहीत नाही. ते मी तिच्यासोबत जाऊन स्वतः सांगेन. तिकीट सात मेचं आहे. तू नाही म्हणालीस तरी मी येणार आहे, कारण ते काम तर करायचंच आहे.

पिशवीबद्दल मी काही म्हणत नाही. आईंना सांग, त्यांचं बरोबर होतं.

सुजीत

—

मूर्तिजापूर
२९ एप्रिल १९९७

सुजीत यांना,
जयभीम.

तुमचं पत्र मी दवाखान्यात उघडलं. वाचून इतकी हसले की कंपाउंडर पाणी घेऊन आला. मग त्याच्यासमोरच रडू आलं. नंतर राग आला, आणि तो अजून आहे. गाठ असेल म्हणून मी चार रात्री जागले, त्या रात्री तुम्ही मला परत देऊ शकत नाही. हा राग लग्नानंतरही काही दिवस राहील, तयारीने या.

संध्याकाळी आईला पत्र वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. उशीवर केस गळाल्याचं आलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की काय, मी नीट पाहिलं नाही. शेवटी म्हणाली, "हे खरंच असन. सोताची इतकी फजिती कोनी खोटी सांगत नाही." मग मशीनवर जाऊन बसली. पिशवीतली साडी तिने बाहेर काढली, तिला फॉल लावायचा राहिला होता.

तुमच्या आईंसोबत विहारात तुम्ही जाल तेव्हा मी येईन. मागे उभी राहीन, पण येईन.

वडील जाताना जे सांगून गेले ते ऐकायला फार चांगलं होतं, आणि खोटं होतं. लोकांना ते आजही चांगलंच वाटतं. तुम्ही जे सांगितलंत ते इतकं हास्यास्पद आहे की माझ्या मैत्रिणींना मी ते कधीच सांगू शकणार नाही. पण ते खरं आहे, आणि तुम्ही ते भरल्या घरात उभं राहून सांगितलंत. मला हे चालेल.

तुमची,
रश्मी